मुलांसाठी ‘मुद्राराक्षस’ : स्वभाव आणि सख्य यांचा एक पाठ

नवविधा भक्तीत सख्य ही आठवी पायरी. तिच्या पुढे एकच उरते, आत्मनिवेदनाची. आपण कीर्तनात सुदाम्याचे पोहे सांगतो, अर्जुनाचा रथ सांगतो, आणि श्रोते पदराने डोळे टिपतात. पण सुदाम्याची मैत्री कळण्याआधी साधा मित्र म्हणजे काय, हे कळलेले असावे लागते. ज्याला पंगतीत शेजारी बसणाऱ्याशी निभावता येत नाही, तो पांडुरंगाशी सख्य कोणत्या भांडवलावर करणार? आणि हे भांडवल जमविण्याचे वय म्हणजे अकरा ते चौदा. या वयात मूल आईचे बोट सोडते आणि सोबत्याचा हात धरते. तो हात कोणाचा असावा, हे त्याला कोणी शिकवीत नाही.

आळंदीस जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेव्हापासून ठिकठिकाणी लहान पाठशाळा निघाल्या. मुले दिवसा शाळेत जातात आणि सकाळ-संध्याकाळ हरिपाठ, गीता, पखवाज शिकतात. अशा मुलांना शिकविणाऱ्यांसाठी, तसेच गावच्या शाळेतील माळकरी शिक्षकांसाठी हा लेख आहे. विषय आहे एका संस्कृत नाटकाचा. वारकऱ्याने नाटकाच्या वाटेस कशाला जावे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर एवढेच, की नाथमहाराजांनी भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे उभी केली ती लोकांना शहाणे करण्यासाठीच. दृष्टांत देताना कीर्तनकार एकटाच दोन माणसांच्या तोंडचे बोलतो, तेही एका परीने नाट्यच आहे.

नाटक हेच का?

विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ सात अंकांचे आहे. कै. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८८४ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत ते संपादून छापले, तेव्हापासून कितीतरी पिढ्यांनी ते पाठशाळेत आणि कॉलेजात वाचले. यात नायिका नाही, शृंगार नाही, विदूषकही नाही. म्हणून लहान मुलांपुढे ते निःसंकोच ठेवता येते. सबंध नाटक उभे आहे ते मैत्रीवर, आणि मैत्रीचा कोणी फासा केला तर काय होते यावर.

मुलांना प्रथम गोष्ट थोडक्यात सांगावी. काळ इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरचा. गाव पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणे. नाटकात त्याला कुसुमपूर असेही म्हटले आहे. चाणक्याने नंदांचा नाश करून चंद्रगुप्ताला गादीवर बसविले. नंदांचा अमात्य राक्षस गावाबाहेर निसटला आणि मलयकेतू नावाच्या राजपुत्राला हाताशी धरून चंद्रगुप्तावर चालून येण्याच्या तयारीला लागला. (राक्षस हे त्याचे नाव आहे बरं का, जात नव्हे! मुले येथे हसतात. हसू द्यावे.) चाणक्याला राक्षस मारावयाचा नाही. तो चंद्रगुप्ताचा अमात्य म्हणून हवा आहे, कारण मेलेल्या धन्याशीही इमान राखणारा दुसरा माणूस त्याला दिसत नाही. जाताना राक्षस आपली बायकापोरे एका मित्राच्या घरी ठेवून गेला. तो मित्र म्हणजे रत्नांचा व्यापारी चंदनदास.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. चाणक्य आणि राक्षस संस्कृत बोलतात, चंदनदास प्राकृत बोलतो. संस्कृत नाटकाचा तसा संकेतच आहे. पण पाहा, नाटकात सर्वांत मोठे जे मन आहे ते प्राकृतात बोलते. माउलींनी गीतेचा अर्थ देशी भाषेत आणला, त्या परंपरेतल्या मुलाला हे ऐकून आनंद झाल्यावाचून राहत नाही.

स्वभाव कसा ओळखावा

शास्त्रात नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. मुलांना तेथून आरंभ करू नये. ती नावे पाठ होतात आणि माणूस दिसेनासा होतो. त्यापेक्षा तीन साध्या खुणा द्याव्यात. पहिली, तो स्वतः काय बोलतो. दुसरी, त्याच्या पाठीमागे इतर काय बोलतात. तिसरी, पदरचे जाऊ लागले म्हणजे तो काय करतो. पहिल्या दोन खुणा फसवू शकतात. तिसरी सहसा फसवीत नाही. मुलांनी वहीत तीन रकाने आखावेत आणि प्रत्येक पात्राखाली त्या त्या अंकातले प्रसंग लिहावेत. गुरुजींनी आपले मत आधी सांगू नये.

आता पहिला अंक. यमाचे चित्रपट दाखवीत दारोदार हिंडणारा चाणक्याचा हेर चंदनदासाच्या वाड्यात शिरतो. आतून पाचेक वर्षांचे मूल कुतूहलाने बाहेर पळते. आत बायकांचा गलका होतो. एक स्त्री दाराआडून हात काढून त्याला आत ओढते, आणि तिच्या बोटातली अंगठी घसरून घरंगळत हेराच्या पायाशी येते. अंगठी पुरुषाच्या बोटाच्या मापाची, म्हणून सैल. तीच राक्षसाची मुद्रा. येथे थांबून मुलांना विचारावे, ‘या एका क्षणात तुम्हांला कोणाचा स्वभाव कळला?’ एखादा म्हणेल, हेराचा. अंगठी उचलून गप्प बसला. एखादी म्हणेल, त्या आईचा. जीव धोक्यात घालून लेकराला ओढले. दोन्ही बरोबर.

मग चाणक्य चंदनदासाला बोलावतो. मोठ्या मानाने आसन देतो. चंदनदास जमिनीवरच बसतो. व्यापारउदीम बरा आहे ना, अशी गोड चौकशी होते. नंतर एकदम प्रश्न येतो, ‘राक्षसाचे कुटुंब तुझ्या घरी आहे, ते स्वाधीन कर.’ चंदनदास म्हणतो, हे खोटे आहे. थोड्या वेळाने म्हणतो, पूर्वी होते, आता नाही. चाणक्य लगेच पकडतो, की तुझ्या दोन बोलण्यांचा मेळ नाही. इतक्यात बाहेर गलका होतो. राक्षसाचा दुसरा मित्र, लेखनिक शकटदास, याला सुळावर चढवायला नेत आहेत. चाणक्य म्हणतो, बघ, हट्टाचे फळ काय ते. तेव्हा चंदनदास जे सांगतो त्याचा भाव असा: घरात असते तरी मी दिले नसते, मग नसलेले कोठून देऊ? चाणक्य विचारतो, हाच तुझा निश्चय? तो म्हणतो, हाच. आणि चाणक्य मनाशी त्याची तुलना शिबिराजाशी करतो. वैऱ्याच्या मनातून निघालेली ही पावती मुलांनी दुसऱ्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहावी.

खोटा मित्र

चंदनदास कैदेत पडला. आता दुसरी बाजू. शकटदासाला सुळावरून सोडवून राक्षसाकडे आणणारा सिद्धार्थक, ऊठबस करणारा क्षपणक जीवसिद्धी, मलयकेतूचा जिवलग झालेला भागुरायण हे सगळे चाणक्याचे हस्तक आहेत. मित्राचे प्राण वाचविले म्हणून राक्षस कृतज्ञतेने आपल्या अंगावरचे अलंकार सिद्धार्थकाला देतो. पुढे तेच अलंकार आणि मुद्रा उठविलेले एक पत्र राक्षसाविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहतात. पत्राचे अक्षर शकटदासाचे. त्याने ते कोणासाठी, कशासाठी हे न कळता लिहून दिलेले. राक्षसाचा चांगुलपणाच त्याच्या गळ्यातली दोरी होतो.

पाचव्या अंकात दोन जागा अशा आहेत, की त्या मुलांकडून दोनदा वाचून घ्याव्यात.

पहिली जागा भागुरायणाची. हा मलयकेतूला फसवतो आहे, पण त्याला सुख नाही. तो मनाशी म्हणतो, हा राजपुत्र माझ्यावर इतकी माया करतो आणि याच्याशीच मला कपट करावे लागते, हे कष्टाचे आहे. मग स्वतःचीच समजूत घालतो, की ज्याने पैशासाठी देह विकला त्याला विचार करायचा अधिकार कोठला? मुलांना विचारावे, ‘याला तुम्ही दुष्ट म्हणाल काय?’ वर्गात दोन तट पडतात आणि पडावेत. कारण खोटा मित्र दर वेळी दुष्ट नसतो. पुष्कळदा तो मिंधा असतो. पोरांना वाटते, वाईट मित्र म्हणजे शिव्या देणारा, सिगारेट ओढणारा. गोड बोलणारा आणि आतून दुसऱ्याचा बांधलेला मित्र ओळखणे अधिक कठीण.

दुसरी जागा त्याच प्रसंगातली. पत्राचे अक्षर कोणाचे हे ठरवायचे आहे. सरळ उपाय म्हणजे शकटदासाला बोलावून विचारणे. भागुरायण ते होऊ देत नाही. तो कबूल करणार नाही, त्याच्या हातचे दुसरे लिखाण आणून ताडून पाहू, असे सुचवतो. का बरे? शकटदास समोर आला तर सगळेच उघडे पडेल, हे त्याला ठाऊक आहे. ही खूण मुलांना जन्मभर पुरेल: दोन मित्रांत बिघाड करणारा त्यांना समोरासमोर येऊ देत नाही. चिठ्ठी दाखवील, ऐकीव बोल सांगेल, हल्ली मोबाईलवरचा मजकूरही दाखवील. पण ‘चला, त्यालाच विचारू’ असे कधी म्हणणार नाही.

येथे राक्षसही घसरतो, ते झाकू नये. अक्षर ओळखीचे, मुद्रा आपली. त्याला वाटते, बायकामुलांच्या ओढीने शकटदास फिरला. इतका थोर मनुष्य, पण पुराव्यापुढे त्यानेही मित्राविषयी मन कलुषित करून घेतले. शेवटच्या अंकात चाणक्य जेव्हा सांगतो, की शकटदासाला काहीच ठाऊक नव्हते, तेव्हा राक्षसाला सुटल्यासारखे वाटते. त्याची शंका फिटते. मुलांनी एवढे घ्यावे, की मित्राविषयी मनात किंतु आला तर तो त्याच्याजवळ जाऊन बोलावा. सातव्या अंकापर्यंत वाट पाहू नये.

वध्यस्थानावर

मलयकेतूने राक्षसाला घालवून दिले. एकटा राक्षस कुसुमपुराच्या जुन्या उद्यानात येतो. तेथे एक मनुष्य गळफास घेण्याच्या तयारीत. हाही चाणक्याचाच. तो सांगतो, चंदनदासाला आज सुळावर देणार आहेत, म्हणून त्याचा मित्र जिष्णुदास अग्निप्रवेश करणार, आणि त्याच्या मरणाची वार्ता कानी येण्याआधी मी मरतो. राक्षस तलवार उपसतो. तो मनुष्य म्हणतो, शस्त्र घेऊन कोणी येताना दिसला तर मारेकरी कैद्याला आधी मारून टाकतात. तेव्हा राक्षस तलवार टाकून निघतो. लढाईत पुष्कळांचा हात चालतो. मित्रासाठी मोकळ्या हाताने वैऱ्याच्या पुढ्यात जायचे, येथे खरे धैर्य लागते.

सातवा अंक मुलांनी उभे राहून वाचावा. खांद्यावर सूळ घेतलेला चंदनदास, मागे बायको आणि मुलगा. तो बायकोला म्हणतो, माझ्या हातून पाप घडले म्हणून हे मरण आलेले नाही, मित्रकार्यासाठी आले आहे. यात रडण्यासारखे काय? मुलगा विचारतो, तुमच्या मागे मी काय करू? बाप सांगतो, जेथे चाणक्य नाही अशा देशात राहा. इतक्यात राक्षस पुढे येतो आणि म्हणतो, ती वधाची माळ माझ्या गळ्यात घाला. चंदनदासाला आनंद होत नाही. तो म्हणतो, अमात्य, माझे सगळे कष्ट तुम्ही फुकट घालविलेत. राक्षसाच्या उत्तराचा भाव असा, की तुझ्या वागण्यातला थोडासा अंश मी गिरविला, इतकेच.

शेवट गोड आहे. चाणक्य अट घालतो, की चंदनदासाचे प्राण हवे असतील तर चंद्रगुप्ताचे अमात्यपद घे. राक्षस मित्रासाठी तेही घेतो. मलयकेतूला त्याचे राज्य परत मिळते, चंदनदास सर्व नगरांचा श्रेष्ठी होतो. कैद्यांची बंधने सुटतात, आणि प्रतिज्ञेसाठी मोकळी सोडलेली शेंडी चाणक्य तेवढी बांधतो.

मुलांचे तीन प्रश्न

हा पाठ कोठेही घ्या, तीन प्रश्न येतातच. त्यांना ‘गप्प बसा’ म्हणणाऱ्याने हा पाठ घेऊ नये.

पहिला: चंदनदास खोटे बोलला, मग तो चांगला कसा? यामागे मुलांचा स्वतःचा प्रश्न दडलेला असतो. परीक्षेत मित्राने कॉपी केली, गुरुजींनी विचारले, मी गप्प राहिलो; मग मी चंदनदासच नाही का? येथे घाईने हो किंवा नाही म्हणू नये. तीन गोष्टी पडताळून पाहायला लावाव्यात. कोणाला वाचविले? चंदनदासाने निरपराध बाईला आणि लेकरांना वाचविले, चोरीला नव्हे. कोणाच्या पदरचे गेले? त्याचे धन, घर आणि मानेपर्यंत सर्व काही. लाभ कोणाला? त्याला काडीचाही नाही. कॉपी झाकणाऱ्याला हे मोजमाप लावले म्हणजे मूल आपणहून मान खाली घालते, ओरडावे लागत नाही. आणखी एक पाहावे. चंदनदासाला खोटे बोलता येतच नाही. दोन वाक्यांत तो सापडतो. त्याचा मोठेपणा सुरू होतो तो खोट्याचा आडोसा संपल्यावर, ‘असते तरी दिले नसते’ या शब्दांपासून.

दुसरा: मित्रासाठी बायकोमुलाला संकटात घालणे बरे का? हा प्रश्न बहुधा मुली विचारतात आणि तो खरा आहे. नाटक त्यावर पडदा टाकीत नाही. ती बायको नवऱ्याबरोबर मरावयास निघते, तो तिला मुलासाठी मागे राहा म्हणून विनवतो. मुलांना एवढे सांगावे, की मैत्रीचा शब्द एकटा देतो पण तो फेडताना घरदार लागते. म्हणून शब्द देताना जपावे, आणि दिल्यावर मागे फिरू नये. यापुढचे उत्तर त्यांचे त्यांनी मोठेपणी शोधावे.

तिसरा: जिंकला तर चाणक्यच, मग कपटच बरे ना? तेव्हा मुलांना हिशेब मांडायला लावावा. त्या खोट्या पत्रावर विसंबून मलयकेतूने आपल्या पक्षाचे पाच राजे मारविले. ती माणसे हकनाक गेली, आणि शेवट गोड झाला तरी ती परत आली नाहीत. आणि चाणक्याचा डाव साधला कशाने? चंदनदास मित्राला विकणार नाही आणि राक्षस मित्राला मरू देणार नाही, या दोन गोष्टींवर त्याने सगळे लावले होते. राक्षस जर त्या दिवशी दुसऱ्या वाटेने निघून गेला असता, तर इतक्या हेरांचे जाळे रिकामे राहिले असते. कपटाला देखील शेवटी खऱ्या माणसाचाच आधार घ्यावा लागला. मग बळकट कोण, हे मुले सांगतील.

वारीशी याचा संबंध

आपल्याकडे याला जोड आहे ती चोखोबांची. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास कुसवाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवराय तेथे गेले, अस्थी शोधून घेऊन आले आणि पंढरीस महाद्वारी समाधी दिली, असे परंपरा सांगते. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येई, त्यावरून ती ओळखली म्हणतात. जगाने ज्याला देवळाच्या पायरीबाहेर ठेवले, त्याची हाडे वेचायला मित्र गेला. मेलेला मित्र परतफेड करीत नाही. म्हणून तिसरी खूण येथे सर्वांत स्वच्छ दिसते.

आणि सख्यातही मर्यादा असते, हे गीतेच्या अकराव्या अध्यायात आहे. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन क्षमा मागतो, की तुला नुसता सोबती समजून थट्टेत, खाता-बसता काहीबाही बोललो. भगवंताने त्याला सोबती म्हणून टाकले नाही. पुन्हा तेच ओळखीचे सौम्य रूप दाखविले. ज्याच्याशी सलगी केली त्याची थोरवी कळली, तरी मैत्री तुटली नाही.

पाठ संपल्यावर मुलांना लेखी परीक्षा देऊ नये. एक काम द्यावे. एक महिनाभर प्रत्येकाने कोणा एका सोबत्यासाठी असे काही करावे, की ज्यात आपल्या पदरचे थोडे जाईल आणि ते कोणाला सांगायचे नाही. वहीत लिहायचे नाही, गुरुजींनी विचारायचे नाही. दिंडीत चालताना मग पाहावे. कोणी थकलेल्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतलेली असते, कोणी पाण्याची बाटली अर्धी ठेवलेली असते, कोणी मागे राहिलेल्यासाठी पाऊल हळू टाकीत असतो. तो पाठ उतरला असे समजावे. ज्या मुलाला असे चालता आले, त्याला पुढे कधी सुदाम्याचे आख्यान लागले, तर डोळ्यांत पाणी उसने आणावे लागणार नाही.

॥ राम कृष्ण हरि ॥